लोखंडी माणूस, विरार फास्ट

आयर्नमॅन शर्यत म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. हे खूळ १९७८ साली हवाईत निघालं, ठीक आहे. आमच्या मजल्यावरचे एक उत्साही गृहस्थ मात्र त्याचा सराव मुंबईत करतात. पहाटे साडेतीनला निघतात, कारण उजाडल्यावर रस्ता टँकरच्या मालकीचा होतो. सी-लिंकवर सायकलला बंदी, अटल सेतूवरही बंदी. म्हणजे शहरातले दोन गुळगुळीत रस्ते यांनी टॅक्सीच्या काचेतून बघायचे. मग १८० किलोमीटर कुठे? हॉलमध्ये, पंख्याखाली, स्टँडवर. घाम असा की खालच्या काकूंनी सोसायटीत गळतीची तक्रार दिली. तलावात पाऊण तासाची बॅच. निम्मा वेळ पुढच्याच्या लाथा चुकवण्यात. धावताना गल्लीतली कुत्री वेग राखून देतात, कोच फुकट. (पावसाळ्यात तुंबलेल्या हिंदमाताला पोहणं, सायकल, धावणं एकाच जागी उरकता येतं.)

मॉडेल-अभिनेता मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ साली, ही शर्यत पुरी केली. पण झुरिकला! संध्याकाळची विरार फास्ट लोकल पकडून बोरिवलीला उतरून दाखव म्हणावं.