ड्रायव्हरमामा

"मामा, देव सापडत नाही."

आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये हे वाक्य दर प्रॅक्टिकलला ऐकू येतं आणि त्यात अध्यात्म तसूभरही नसतं. लॅबव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये मोजमापाच्या कार्डाला आपोआप मिळणारं नाव म्हणजे 'डेव्ह१', डिव्हाइसचं लघुरूप. मुलं ते 'देव वन' असं वाचतात, मामाही तसंच वाचतात, आणि सहा वर्षं शिकवल्यावर परवा भर वर्गात मीही तसंच म्हणून गेले.

मामा जागेवरून न उठता विचारतात, "सापडत नाही, का दुसऱ्या नावानं बसलाय?" बहुतेकदा दुसऱ्याच नावानं बसलेला असतो. पोरानं एक खोटं कार्ड बनवलेलं असतं, ते विसरून दुसरं बनवलेलं असतं, मग घाबरून पहिलं पुसलेलं असतं. आता मशीनमध्ये देव टू, आणि प्रोग्रॅम हाका मारतोय देव वनला. "पंढरीत उभं राहून खंडोबाला हाका मारल्यावर ओ कोण देणार?" एवढं बोलून मामा नाव बदलतात आणि परत खुर्चीत.

कागदोपत्री ते प्रयोगशाळा परिचर आहेत. कॉलेजभर मात्र त्यांना ड्रायव्हरमामा म्हणतात. नव्या मुलांना वाटतं, आधी कॉलेजची बस चालवत असणार. मामांची वाहनातली मजल सायकलपलीकडे कधी गेलेली नाही. त्यांची सगळी कीर्ती मशीनमधल्या ड्रायव्हरवर उभी आहे. तो नसला की लॅब ठप्प, आणि तो का नाही हे पंचक्रोशीत फक्त मामांना कळतं.

लॅबमध्ये संगणक वीस आणि खरं कार्ड एक. यूएसबी-६२११. त्याला १६ अॅनालॉग इनपुट आहेत, रिझोल्यूशन १६ बिट आहे आणि ते सेकंदाला अडीच लाख नमुने घेतं. हे सगळं मी माहितीपत्रकात वाचलेलं, कारण कार्ड लोखंडी कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली मामांच्या करदोट्याला. मग मुलं काय करतात? मॅक्स नावाचा प्रोग्रॅम उघडतात, यादीतून मॉडेल निवडतात आणि कार्डाचा तोतया तयार करतात. तारा नाहीत, पेटी नाही, तरी लॅबव्ह्यूला वाटतं की कार्ड जोडलेलं आहे. सगळी लॅब अशी तोतयांवर चालते.

दर वर्षी एक तरी हुशार मुलगा हात वर करतो. कार्डच खोटं आहे, तर ड्रायव्हर कशाला टाकायचा? माझं उत्तर चार स्लाइडचं होतं. मामांचं असं:

"गॅदरिंगच्या नाटकात काम केलंस का कधी? मिशी खोटी असती. डिंक खरा लागतो."

मी स्लाइड काढून टाकल्या. कारण बरोबरच आहे ते. तोतया लॅबव्ह्यू बनवत नाही, तो डीएक्यूएमएक्स हा ड्रायव्हर बनवतो. तो नसेल तर मॅक्समध्ये मॉडेलची यादीच येत नाही, आणि लॅबव्ह्यूमधून मोजमापाच्या चौकोनांचा अख्खा कप्पा गायब असतो. मागच्या बॅचचा चालता प्रोग्रॅम आणून उघडावा, तर चौकोनांच्या जागी प्रश्नचिन्हं, आणि वरचा रन करायचा बाण तुटलेला. तो तुटका बाण पाहून रडलेली मुलं मी पाहिली आहेत. मुली नाही रडत. त्या सरळ मामांना बोलावतात.

मामांची तपासणी जुन्या वैद्यासारखी. आधी नाडी, मग खाणंपिणं.

"शेवटचं काय घातलंस?"

"काही नाही मामा."

"काही नाही घालून कुणाचं पोट बिघडत नाही. आधी लॅबव्ह्यू घातलं का आधी ड्रायव्हर?"

बहुतेक वेळा रोग इथेच सापडतो. हा ड्रायव्हर मशीनमध्ये शिरताना घरात कोणकोणतं लॅबव्ह्यू आहे ते पाहतो आणि त्या प्रत्येकासाठी आपलं सामान ठेवतो. लॅबव्ह्यू मागाहून आलं, तर त्याच्या वाट्याला काही नाही. "वाढपी पंगतीवरनं फिरून गेला, अन् तू आत्ता पानावर बसलास. त्याला परत बोलव." म्हणजे ड्रायव्हर पुन्हा चालवायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर आवृत्ती बघायची. नवा ड्रायव्हर फार जुन्या लॅबव्ह्यूला ओळखच देत नाही, शहरात गेलेला पुतण्या जणू. त्यानंतर बिट. ६४ बिटच्या लॅबव्ह्यूपुढे ३२ बिटचं सामान ठेवलेलं दिसलं की मामा कपाळाला हात लावतात. "याला चौसष्ट दात, त्याला बत्तीस. घास भरवायचा कसा?"

एक दोष सांगितलाच पाहिजे. मामा दुरुस्त करतात, शिकवत नाहीत. पडद्यासमोर अशी पाठ करून बसतात की मागच्याला फक्त त्यांच्या शर्टावरच्या इस्त्रीच्या रेघा दिसतात. काम झालं की मॉनिटरला चिठ्ठी: 'हात लावू नये'. संगणकाला हात न लावता प्रॅक्टिकल कसं करायचं, हे मी त्यांना विचारून पाहिलं आहे. "मॅडम, जरा जपून लावावा," म्हणाले.

त्यांच्याकडे एक लांबट लाल वही आहे, सावकाराची असते तशी. तिच्यात एररचे आकडे. देव न सापडल्याचा आकडा -२००२२०. मामा तो पूर्ण वाचतात, "तुझं उणे दोन लाख दोनशे वीस निघतंय." एकदा फीची चौकशी करायला आलेले एक वडील दारात उभे होते. त्यांनी हे ऐकलं आणि तिथल्या स्टुलावर बसूनच घेतलं. पाणी द्यावं लागलं.

तोतयांचे फायदे आहेत, तोटेही आहेत. अॅनालॉग इनपुट वाचायला सांगितलं की खोटं कार्ड स्वतःहून साइन वेव्ह देतं, वर थोडा नॉइज भुरभुरवून. काहीही मोजा, लाटच. त्यामुळे थर्मोकपलच्या प्रयोगाखाली एका वर्षी पंचवीस जर्नलमध्ये एकच निष्कर्ष आला: खोलीचे तापमान साइन वेव्हप्रमाणे बदलते. मी लाल पेन उचललं तेव्हा मामा म्हणाले, "राहू द्या मॅडम, एकमत तरी झालंय."

डेडस्टॉक तपासायला समिती आली तेव्हाची गोष्ट वेगळी. रजिस्टरमध्ये कार्ड १ नग. सदस्यांनी मात्र वीसही संगणकांवर मॅक्स उघडलेलं पाहिलं, प्रत्येकावर यूएसबी-६२११. उरलेले १९ नग कुठे आहेत? मामांनी समजावलं की हिरवं चिन्ह म्हणजे खरं, पिवळं म्हणजे खोटं. सदस्य म्हणाले, मग हे वीसही पिवळे आहेत, खरं कुठाय? कपाट उघडून, पेटी दाखवून, पेटीतलं कार्ड दाखवून दुपार गेली.

आणि गेल्या वर्षीचे एक्स्टर्नल. ते आल्या आल्या म्हणाले, हे सिम्युलेशन पुरे, प्रत्यक्ष हार्डवेअर दाखवा. मामांनी शर्ट वर करून करदोट्याची किल्ली काढली. कार्ड बाहेर आलं. मशीनला जोडताच हिरवं चिन्ह उमटलं, ड्रायव्हर जागेवर होता. फक्त मोजायला काही नव्हतं. थर्मोकपलची तार तुटलेली. मामा स्टुलावर चढले, भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला आणि त्याला दोन वायरी धरल्या. पडद्यावर दीड व्होल्टच्या जरा खाली एक सरळ, शांत, खरीखुरी रेघ आली.

एक्स्टर्नल पुढे वाकले. "सिग्नल कुठंय? ही तर नुसती रेघ आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी डोळ्यांनी मला गप्प केलं. शांतपणे वायरी सोडल्या, प्रोग्रॅममध्ये देव टूचं नाव घातलं. लाट आली, नॉइजसकट.

"हां, आत्ता कसं!" म्हणत एक्स्टर्नलनी गुणपत्रिका ओढली.

संध्याकाळी मामांनी कार्ड पेटीत, पेटी कपाटात ठेवली आणि सवयीनं रजिस्टर लिहिलं: यूएसबी कार्ड १ नग, सोबत सेल १ नग. त्यामुळे तो सेल आता विभागप्रमुखांच्या सहीशिवाय बाहेर येत नाही. लॅबच्या घड्याळात तेव्हापासून बाराला दहा कमी आहेत. चहाची वेळ मामा पोटावरून सांगतात.