वुडसाहेबांस, कागदीपुऱ्यातून

कसबा पेठ, पुणे

राजमान्य राजश्री सर चार्ल्स वुडसाहेब, माजी भारतमंत्री, यांस,

सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, राग मानू नये. आपण 1885 मध्ये निवर्तलात आणि आमच्या पेठेला जुने हिशेब काढायला सवड लागते.

आपली आठवण इथे अजून निघते. बी.एड.च्या परीक्षेत तर हमखास. 1854 चा ‘वुडचा खलिता’! त्यातून शाळांना अनुदान आलं, पुढे 1857 मध्ये मुंबईला विद्यापीठ निघालं. मुलं तुमचे उपकार पाठ करतात आणि मार्क घेतात. खलित्याची पुढची गोष्ट मात्र त्यांच्या गाइडात नाही. शाळा आल्या की वह्या-पुस्तकं आली, कचेऱ्या वाढल्या की दप्तरं वाढली. म्हणजे कागद लागणार. तो कुणाकडून घ्यायचा, हे आपण 1859 ते 1866 या काळात भारतमंत्री असताना एका फटक्यात ठरवून टाकलंत: हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद विलायतेतूनच खरेदी करावा. कर आम्ही भरायचा, दुकान तुम्ही सांगायचं. आमची आजीसुद्धा वाण्याकडे पाठवताना एवढी सक्ती करत नव्हती.

आता आमचा पत्ता सांगतो. कसब्यात तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे, कुंभारवाडा आहे. जो माल होई त्याचं नाव आळीला, अशी साधी रीत. त्याच रीतीनं कागदीपुरा. इथले कागदी मुसलमान, मूळचे जुन्नरकडचे म्हणतात. तागाची जुनी पोती आणायची, तुकडे करायचे, चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, ढेकीखाली कुटायचे, मुठेच्या पाण्यात धुवायचे आणि पुन्हा कुटायचे. मग तो लगदा हौदात कालवून चाळणीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि घोटून घोटून असा गुळगुळीत करायचा की बोरू अडखळू नये. फाटक्या पोत्यातून सावकाराची चोपडी निघे. टाकाऊपासून टिकाऊ वगैरे शब्द तेव्हा निघाले नव्हते, त्यामुळे त्यांना कुणी पुरस्कार दिला नाही.

टिकाऊपणाचं म्हणाल तर पेशवे दप्तरात एकदा डोकावून या. हाती केलेल्या देशी कागदावरची मोडी अजून वाचता येते. आमच्या शाळेच्या दाखल्याचा मात्र घडीवर चुरा झाला. तो कागद यंत्राचा, लाकडाच्या लगद्याचा. तुमचं आडनाव वुड, हा निव्वळ योगायोग.

तुमची बाजूही मांडतो, पुणेकर असलो तरी. यंत्राचा कागद स्वस्त होता. कागदी चार तावांना घाम गाळी तेवढ्यात तुमची गिरणी गाडी भरून देई. आज ना उद्या हातकागद मागं पडलाच असता, हे कबूल. पण मग साहेब, एक शंका राहते. माल आपल्या पायानं चालत येणार होता, तर त्याला हुकमाची पालखी कशाला? खुल्या व्यापाराचे आपण भक्त. आपल्याच मंत्रिमंडळातल्या ग्लॅडस्टनसाहेबांनी 1861 मध्ये विलायतेतला कागदावरचा कर उठवला, का तर गरिबाला वर्तमानपत्र स्वस्त मिळावं. फार चांगलं केलं. तिकडे बाजार मोकळा आणि इकडे गिऱ्हाईक बांधलेलं!

आणि फटका फक्त हातकागदाला बसला असंही नाही. इथे यंत्राचा कागद काढू पाहणाऱ्यांनाही तो बसला. मोठं गिऱ्हाईक सरकारच, तेच बोटीनं माल आणतंय म्हटल्यावर गिरणीत पैसा घालणार कोण? न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये इथल्याच डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं आणि विलायती अर्थशास्त्राचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे ठणकावून सांगितलं. तुम्ही ऐकायला नव्हतात.

मदतीच्या नावाखाली आपला माल खपवण्याची तुमची गादी पुढेही चालली, ही आनंदाची बातमी. 1956 मध्ये अमेरिकेशी धान्याचा पीएल-480 करार झाला आणि आम्ही रुपये मोजून तिकडचा गहू खाऊ लागलो. पुढे दुष्काळात तिथले अध्यक्ष जॉन्सनसाहेब जहाजं अशी मोजूनमापून सोडत की, बंदरातला गहू थेट तोंडात. (आमच्या पुण्यात गाजरगवतही याच गव्हातून आलं म्हणतात. करार ऑगस्टचा आणि गवत त्याआधीच इथे दिसलेलं, पण पुणेकरानं एकदा आरोप ठेवला की तो तारखांसाठी मागे घेत नाही.) हैतीची कथा तर थेट तुमच्या वहीतली. 1990 च्या दशकात तांदळावरची जकात 3 टक्क्यांवर आणायला लावली, अमेरिकेचा अनुदानित तांदूळ आला आणि तिथला भातशेतकरी बसला. 2010 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष क्लिंटनसाहेबांनी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की ही चूक होती, आपल्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांचं मात्र भलं झालं असेल. निदान कबुली तरी दिली. तुमच्याकडून तेवढीही आली नाही.

मदत घेऊ नये, असं आमचं म्हणणं नाही. शाळा दिल्यात, आम्ही शिकलो, म्हणून तर हे पत्र लिहिता येतंय. पण एका हातानं पाटी द्यायची आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या कागद्याचं गिऱ्हाईक पळवायचं, याला आमच्या पेठेत दान म्हणत नाहीत.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये.

आपला,
कसब्यातला एक करदाता

ता. क. हे पत्र हातकागदावर लिहिणार होतो. कागदीपुऱ्यात जाऊन आलो. नाव आहे, कागद होत नाही.