काष्ठठशाचं चित्र कसं बघावं? (नवशिक्यांसाठी)

लाटंबार्शाहून डिचोली, डिचोलीहून कदंबने पणजी, मग आल्तिनोचा चढ. प्रदर्शनात पोचेपर्यंत खिडकीतून इतकी झाडं बघून झालेली असतात की भिंतीवरचं झाड बघायची इच्छाच उरत नाही. घाबरू नका. सगळ्यांचं असंच होतं, फक्त कुणी बोलत नाही.

१. आधी तीन पावलं मागे, मग दोन पुढे. चष्मा कपाळावर चढवा. नसेल तर सोबतच्याचा मागून घ्या.

२. चित्राखाली पेन्सिलीने ३/२५ लिहिलेलं असेल. हे चित्रकाराला पडलेले गुण नव्हेत. ठशावरून २५ प्रती काढल्या, त्यातली ही तिसरी. मान डोलवून, शेजारच्याला ऐकू जाईल इतपत पुटपुटा, "अच्छा, तिसरी!"

३. पांढरं दिसतं तिथलं लाकूड कोरून टाकलेलं असतं, काळं तिथलं राखलेलं. ठशावर डावीकडे कोरलेलं झाड कागदावर उजवीकडे उमटतं. एवढी माहिती खरी आहे, म्हणून ती कुणी विचारणार नाही. विचारतील, "टेक्स्चर कसं वाटलं?" डोळे मिटा आणि म्हणा, "लाकूड बोलतंय." काय बोलतंय, ते सांगायची पद्धत नाही.

४. ही पायरी तुमच्यासाठी सगळ्यांत अवघड. चतुर्थीला रानफळांची माटोळी बांधणारी माणसं तुम्ही! चित्रात वेल दिसली की तोंडून निसटणारच, "आरे, हें कवंडळ!" जीभ चावा. इथे झाडाचं नाव ठाऊक असणं अडाणीपणात मोडतं. "रेषेत केवढी अस्वस्थता आहे!" एवढंच म्हणा. फळ कडू असतं, हे तर मुळीच सांगू नका.

५. तरीही खरं बोलायची उबळ आली, तर जर्मन चित्रकार ड्यूररच्या काष्ठठशातला गेंडा आठवा. गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला हा गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोव्याहून पोर्तुगालला धाडला; १५१५ साली तो लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या ड्यूररने तो पाहिलाच नाही. कुणाचं तरी रेखाटन आणि वर्णन मिळालं, तेवढ्यावर त्याने ठसा तयार केला: अंगावर चिलखत आणि खांद्यावर एक शिंग जादा. पुढे दोन-अडीच शतकं युरोपात गेंडा म्हणजे हाच. गेंड्याचा राखणदार इथूनच त्याच्याबरोबर लिस्बनला गेला होता. खांद्यावर शिंग नसतं, हे त्याने लगेच सांगितलं असतं. म्हणूनच त्याला कुणी विचारलं नसावं.