वीस पैलूंचा मामा

उन्हाळ्याच्या सुटीत मामा हा प्राणी साधारण तीन जातींत सापडतो. पहिला भाच्यांना स्कूटरवर कोंबून बर्फाचा गोळा खायला नेतो. दुसरा स्वतःचा मोबाइल त्यांच्या हवाली करून झोपतो. तिसरी जात दुर्मिळ. हा मामा भाच्यांना भोवती बसवतो आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "तुमच्यासमोर अंधारी गुहा आहे. काय करता?"

माझा धाकटा भाऊ या तिसऱ्या जातीतला.

तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मे महिन्यात घरून काम करायची परवानगी काढून यवतमाळला येतो. मीही वणीहून माझी तिन्ही माकडं घेऊन माहेरी येते. त्याच्या सामानातून लॅपटॉपच्या आधी एक मखमली बटवा निघतो. त्यात सात पासे: चार पैलूंचा, सहाचा, आठाचा, दहाचे दोन, बाराचा आणि सगळ्यांचा राजा, वीस पैलूंचा. पहिल्यांदा तो बटवा पाहून आईनं मला बाजूला घेतलं. "काय वं, जुगार खेळाले लागलं का हे पोट्टं?"

मग त्यानं रीतसर खुलासा केला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की पासा निकाल देतो. हरणं-जिंकणं असं काही नाही. आईनं कुरडईचा चीक ढवळता ढवळता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे भातुकलीच, फक्त हिशेब ठेवून." त्या खेळावरची जाडजूड पुस्तकं त्याच्याकडं आहेत, पण याहून नेमकं त्यांत काही असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या वर्षी मामानं रात्री जागून वही भरली होती. किल्ला, तळघर, सापळे, शेवटी ड्रॅगन. दुपारी वाळ्याच्या ताट्यांचा कुलर घरघरायला लागला, तशी मंडळी जमली. थोरला नऊ वर्षांचा, मधली सात, शेंडेफळ पाच. प्रत्येकानं आपण कोण ते सांगायचं आणि ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा गुण मांडायचे. थोरला योद्धा झाला. मधली जादूगारीण. शेंडेफळ म्हणालं, "मी मांजर."

मांजर नियमात बसत नव्हतं. मामानं पुस्तक मागून पुढून चाळलं, चष्मा पुसला, पुन्हा चाळलं. शेवटी बसलं मांजर. छाप: अठरा.

ड्रॅगनचं मात्र कुणाला काही वाटेना. "आपल्याकडं तो कुठून येईन?" थोरल्यानं विचारलं, आणि वहीची पानंच्या पानं बाद झाली. दुसऱ्या दिवशी किल्ल्याचं टिपेश्वर अभयारण्य झालं, तळघराच्या जागी सहस्रकुंड धबधब्यामागची गुहा आली. मूर्तिजापूरची शकुंतला, कापसासाठी घातलेली ती नॅरोगेज आगगाडी, खऱ्यातली कधीची थांबली आहे. मामाच्या गोष्टीत ती चालू आहे आणि मांजरानं पंजा दाखवला तरी थांबते.

मग वाघ आला. कुलरच्या वरताण आवाज काढत मामा म्हणाला, "झुडूप हलतं. पिवळेधमक डोळे. वाघ! काय करता?"

थोरल्यानं तलवार उपसली. मधलीनं त्याचा हात धरला. "थांब नं. मामा, त्याची आई कुठं आहे?"

वहीत वाघाला आई नव्हती. मामाची नजर वहीकडं गेली आणि रिकामी परत आली.

"त्याले भूक लागली असंन," शेंडेफळ म्हणालं. "मी त्याले कुरडई देते."

"वाघ कुरडई खात नाही, पागल!" योद्धा.

इथं मामानं हात वर करून त्याचं ते ठरलेलं वाक्य टाकलं: "प्रयत्न करून पाहा." घर कोसळत असलं तरी हा माणूस 'नाही' म्हणणार नाही. उडायचंय? प्रयत्न करून पाहा. नदीशी बोलायचंय? प्रयत्न करून पाहा. पासा टाकला, तो कपाटाखाली गेला. झाडूच्या दांड्यानं बाहेर काढला, पुन्हा टाकला. चार. शेंडेफळाचा ओठ लोंबायला लागला.

"आता वाघाचं दान," मामा घाईघाईनं म्हणाला. स्वतःचे पासे तो गेल्या सालच्या 'कालनिर्णय'च्या आडोशाला टाकतो; गोष्ट सांगणाऱ्याचं दान खेळाडूंनी बघायचं नसतं म्हणे. "वाघाला पडले... दोन! कुरडई खाल्ली त्यानं. कुर्रर्र." मी त्याच्या मागंच बसून मेथी निवडत होते. सतरा पडले होते. नियमांसाठी थोरल्याशी तासन्‌तास वाद घालणारा हा गृहस्थ आडोशामागं असा सर्रास खोटं बोलतो, आणि चेहरा न्यायाधीशाचा ठेवतो.

वाघाचं नाव थोरल्यानं ठेवलं, वॉकर. हे नाव मामाच्या वहीतलं नव्हे, खऱ्या वाघाचं. टिपेश्वरचा हा तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या शेताशिवारांतून १३०० किलोमीटरांहून जास्त चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. "सांग, याच्याहून मोठी मोहीम कोणत्या हिरोची आहे?" असं मामा मला विचारतो. जणू मी हिरोंच्या बाजूनं बोलायला बसले आहे.

आई मात्र एकदा बिथरलीच. तिचं माहेर राळेगावकडचं. २०१८ मध्ये नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण मारली गेली, त्याआधीचे महिने तिच्या माहेरच्या माणसांनी काढलेले. "वाघाले कुरडया खाऊ घालून राहिले म्हणे! कापूस वेचाले जाताना जीव कसा मुठीत होता, ते विचार जाऊन." मामा वाद घालील असं वाटलं होतं. त्यानं वही काढली आणि लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गोष्टीत एक गाव आलं. तिथल्या बाया शेतात एकट्या जात नव्हत्या, घोळक्यानं जात होत्या, आणि वॉकर त्यांच्याच वाटेवर बसला होता.

आता काय करता?

बराच वेळ कुणी बोललं नाही. योद्ध्यानं तलवारीकडं पाहिलं आणि मांजराकडं पाहिलं. मग मधली म्हणाली, "त्याच्या गळ्यात घंटी बांधू. म्हणजे गावाले समजन तो कुठं आहे ते."

"बांधायला कोण जाणार?"

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या उंदीर अडलेले आहेत. इथं मांजरच उठलं. "मी जाते. मी त्याची मावशी आहे नं!"

मामानं पेन खाली ठेवलं. पासा टाकायलाही सांगितलं नाही.

त्याला त्रास एकच, दुपारी तीनची मीटिंग. आवाज बंद ठेवून, एक कान पुण्यात आणि एक टिपेश्वरात अशी त्याची कसरत चालते. एकदा साहेबांनी विचारलं, हे काम शुक्रवारपर्यंत होईल का? हा बोलून गेला, "किती पडतात त्यावर आहे." मला एकदा सुचलं की वाघानं वाट सोडण्याआधी पाढे विचारावेत, तेवढाच अभ्यास. संध्याकाळपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. मोहीम ऐन रंगात असताना पोरं गच्चीवरच्या कुरडयांवरचे कावळे हाकलायला पळाली की रुसतो, आणि ती आली नाहीत तर स्वतःच वर जाऊन, "गुहेचं दार उघडतंय बरं का," असं कावळ्यांसकट सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगतो. लग्नकार्यात मोठ्यांच्या पंगतीत त्याला शोधू नये. कोपऱ्यात सात-आठ पोरांचा घोळका दिसला की मधोमध हा असतो. स्थळ सांगून आलं की आई आधी तो बटवा लपवते.

जूनमध्ये तो पुण्याला गेला, आम्ही वणीला आलो. शाळा सुरू झाल्या. पण खेळ थांबला नाही. बटवा मामाबरोबर गेला, तर पोरांनी वीस चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या. आडोशाला माझं रेशन कार्ड लागतं. गोष्ट आता शेंडेफळ सांगतं.

परवा रात्री दहा वाजता मामाचा फोन. मला वाटलं, आईचं काही. तर आवाज खाली आणून म्हणतो, "ताई, वॉकरला घंटी बांधल्यावर पुढं काय झालं गं? कुणी काही बोललं का?"

शेंडेफळ जागंच होतं. मी विचारलं.

"त्याले म्हणा," पांघरुणातून उत्तर आलं, "आधी चिठ्ठी काढ."