रुग्ण ऊर्फ ग्राहक

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली आणि रुग्ण एका दिवसात ग्राहक झाला. ग्राहक आला की पावती आली आणि पावतीमागून तक्रार. यावर निघालेल्या उताऱ्याला डिफेन्सिव्ह मेडिसिन म्हणतात. यात तपासणी रुग्णाची आणि गुण डॉक्टरला. साध्या डोकेदुखीलाही सीटी स्कॅन होतो, कारण उद्या वकिलाने विचारलेच तर फिल्म दाखवता येते. (रुग्णाला फिल्म समजत नाही, बिल समजते.) 2013 मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात भरपाई सुमारे सहा कोटींवर गेली. अशा आकड्यांच्या धास्तीने डॉक्टर विमा काढतात, हप्ता फीमध्ये मुरतो. म्हणजे डॉक्टरवर दावा होण्याच्या शक्यतेचे पैसेही रुग्णच भरतो. खरोखर चुकलेल्या डॉक्टरला फौजदारीत खेचायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्याच 2005 च्या निकालानुसार आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत हवे. एकाच माळेतल्या मण्याने दुसऱ्याविरुद्ध बोलावे, अशी ही अपेक्षा. तोवर दाव्याच्या भीतीने गुंतागुंतीचे बाळंतपण कोणी अंगावर घेत नाही. ते तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मोठ्या शहराला पाठवले जाते. अँब्युलन्सचे भाडे वेगळे.