चक्रधरपंत स्वबळावर निघतात

हवामान खात्याने पुण्याच्या घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट दिला, की सोसायटीतली माणसं गॅलरीतले कपडे आत घ्यायला धावतात. चक्रधरपंतही धावतात, पण त्यांना त्यातली फक्त सायकलिंगची गादीवाली चड्डी हवी असते. ती वाळलेली असली तर उद्या पहाटे साडेचारला प्रस्थान. नसली तरी प्रस्थान साडेचारलाच, कारण 'तासाभरात भिजणारच आहे.'

चक्रधरपंत हे नाव मी ठेवलेलं आहे. माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मुलं बंगळूरला किंवा बोस्टनला, कर्ज फिटलेलं, गुडघे अजून मूळचेच. एका वाढदिवसाला डॉक्टरांनी 'जरा व्यायाम करा' म्हटलं. डॉक्टरांच्या मनात संध्याकाळचा फेरफटका होता. पंतांच्या मनात हरिहरेश्वर आलं.

त्यांच्या फोनमध्ये पावसाची तीन ॲप्स आहेत. एक नॉर्वेचं, एक चेक प्रजासत्ताकाचं आणि एक आपल्या खात्याचं. तिघांचं एकमत झालं तर पंत अस्वस्थ होतात, मतभेद झाले तर रात्री अकरापर्यंत ग्रुपवर चर्चा चालते. खात्याचे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, आणि २०४.५ च्या पुढे जे होतं त्याला 'अत्यंत' हे विशेषण. अंदाज ६० मिलिमीटरचा असला की पंत मांडीवर थाप मारतात. "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मध्यमच की!" या मध्यम पावसात ताम्हिणीत स्वतःचं पुढचं चाक दिसत नाही, पण ती बाब तांत्रिक नाही.

वास्तविक कोरड्या, निरभ्र डिसेंबरात हाच रस्ता तितकाच सुंदर असतो. पण तसल्या प्रवासाहून परतल्यावर सांगायचं काय? 'गेलो, आलो, मोदक छान होते.' एवढ्यावर कुणी चहा पाजत नाही.

वहिनींनी सुरुवातीला विरोध करून पाहिला. तेव्हा पंतांनी इतिहास काढला. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यातल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तिघांनी प्रदक्षिणा पुरी केली आणि १९२८ मध्ये ते परतले. वाळवंट, जंगल, बर्फ. "त्यांच्याकडे गुगल मॅप होता का?" पंतांनी विचारलं. "नव्हता," वहिनी म्हणाल्या, "पण कोथिंबीर आणायला ते स्कूटर काढत असतील असं वाटत नाही."

घाव वर्मी बसला, कारण तो खरा आहे. दोनशे किलोमीटर सायकलने जाणारा हा माणूस कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे स्कूटरने जातो. कारण विचाराल तर ती सायकल बाहेर कुलूप लावून ठेवण्यातली नाही. ती झोपते दिवाणखान्यात, भिंतीवरच्या हुकाला, जिथे पूर्वी सासऱ्यांचा फोटो होता. फोटो आता पॅसेजमध्ये आहे. सायकलीची किंमत घरात तीन वेगवेगळ्या आकड्यांत सांगितलेली आहे. वहिनींना एक, आईला त्याहून कमी, आणि खरी फक्त दुकानदाराला ठाऊक. बाटली अडकवायची साधी पकड त्यांनी कार्बन फायबरची घेतली, पंचवीस-तीस ग्रॅम वाचवण्यासाठी. निघायच्या आदल्या रात्री त्याच सायकलीच्या पिशव्यांत किलोभर चिवडा आणि डिंकाचे लाडू भरले जातात. शिवाय पिशव्या शंभर टक्के जलरोधक आहेत, असं कंपनी म्हणते. म्हणून आत प्रत्येक वस्तू दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बांधलेली असते.

मग ग्रुपवर घोषणा होते : 'उद्या पुणे–श्रीवर्धन–दापोली. बॅकअप गाडी नाही. पूर्णपणे स्वबळावर.' स्वबळाच्या घोषणेपासून युतीपर्यंतचं अंतर किती असतं, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

पंतांचं अंतर मुळशीपर्यंतच टिकतं. पौड मागे पडतं, धरणाचं पाणी उजव्या हाताला दिसू लागतं, आणि समोरून वारा येतो. पावसाळ्यात इथला वारा पश्चिमेचा. म्हणजे कोकणात उतरताना उतार असतो पण वारा छातीवर, आणि परतताना वारा पाठीवर असतो पण समोर घाट. निसर्गाने हा हिशेब फार काटेकोर ठेवला आहे. पंतांना तो तत्त्वतः मान्य आहे. जाताना ते वाऱ्याबद्दल बोलतात आणि येताना चढाबद्दल. पाठीवरच्या वाऱ्याची नोंद आजवर कुठल्याही सायकलवाल्याने केलेली नाही.

एका वळणावर निळ्या ताडपत्रीखाली कणसं भाजणारी बाई हाक मारते. पंत तिला मावशी म्हणतात. ती त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान असेल, पण टपरीवरच्या नात्यांत वय पाहायचं नसतं. ती त्यांना पुसायला गोणपाट देते, चुलीजवळची जागा देते, आणि बाहेर बघत म्हणते, "बसा काका तासभर. म्हातारा लई चिवट. थांबला म्हणावं तर परत चालू. जोर न्हाई, निस्ता रेंगाळत बसतो."

पंतांचा चहा अर्ध्यावर थांबतो. "मावशी, दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे मी साडेतेरा तासांच्या आत केली आहे. चार वेळा!"

"मी पावसाचं म्हनते," मावशी म्हणते.

पुष्य नक्षत्राच्या पावसाला म्हातारा म्हणतात. त्याच्या आधी पुनर्वसूचा तरणा पाऊस येऊन गेलेला असतो, पुढे मघाचा सासूचा आणि पूर्वाचा सुनांचा यायचा असतो. एवढं नातेगोतं नॉर्वेच्या ॲपमध्ये कुठून असणार! मावशी म्हणाली तासभर, म्हणजे तासभरच. ॲप त्या वेळी 'अंशतः ढगाळ' दाखवत होतं.

ब्रेव्हेचं, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचं, मात्र खरं आहे. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. एका हंगामात चारही केल्या की माणूस 'सुपर रँडोनर' होतो आणि पॅरिसच्या क्लबाची मान्यता मिळते. वाटेत ठरल्या ठिकाणी पोचल्याचा पुरावा म्हणून बऱ्याचदा एटीएमची पावती चालते. वहिनींना एकदा खिशात अशी पावती सापडली : वाई, पहाटे २ वाजून ४० मिनिटे, काढलेली रक्कम शंभर रुपये. नवरा इतका निरुपद्रवी असू शकतो, यावर विश्वास ठेवायला त्यांना दोन दिवस लागले.

घाट उतरला की चढ संपला, हा देशावरच्या माणसाचा जुना भ्रम आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी महामार्ग नकाशात समुद्राला चिकटून जातो, म्हणून तो सपाट असणार असं पंतांना दरवर्षी नव्याने वाटतं. इथला रस्ता खाडीपाशी पार पाण्याच्या पातळीला येतो, पलीकडे निघाला की जांभ्याच्या सड्यावर चढतो, आणि सड्यावर जरा श्वास घ्यावा तर पुढची खाडी हजर. बाणकोट, केळशी, आंजर्ले, दाभोळ, जयगड. सह्याद्री निदान एकदाच काय तो चढायला लावतो. कोकण तेवढीच उंची सुट्या पैशांत वसूल करतं, आणि हिशेब केला तर वर व्याजही घेतं. केळशीच्या अलीकडे अशाच एका चढावर पंत सायकल ढकलत होते. शाळेतून परतणारी पोरं शेजारून चालू लागली. सायकलीला सत्तावीस गिअर आहेत हे त्यांनी आधी आदराने काढून घेतलं. मग एकाने काळजीने विचारलं, "मग काका, संपले काय सगळे?"

बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोट वाऱ्यामुळे थांबलेली असते. तिकिटाच्या खिडकीवर पंतांना माणसाचं वेगळं आणि सायकलीचं वेगळं तिकीट घ्यावं लागतं, याचा त्यांना गुप्त आनंद होतो. शेजारी उभे असलेले आजोबा विचारतात, "गाडी बिघाडली काय?" पंत सांगतात, मुद्दाम सायकलने आलोय, पुण्याहून. आजोबा विचारात पडतात. "नोकरी गेली काय?" नाही म्हटल्यावर आजोबा गप्प होतात आणि छत्री थोडी पंतांच्या बाजूला सरकवतात. बाकी काही असो, माणूस संकटात आहे एवढं त्यांना कळलेलं असतं. बोटीवर चढताना शेवाळलेल्या उतारावर पंतांचा बूट पेडलमधून वेळेवर सुटत नाही आणि ते उभ्याच्या उभे आडवे होतात. उचलायला चौघे जण येतात. दोघे पंतांना उचलतात, दोघे सायकल, आणि सायकलवाले आधी विचारतात, "लागलं नाय ना हिला?"

वेसवीला उतरल्यावर साखळी रडायला लागली. पंतांनी घरून निघताना तिला 'ड्राय ल्यूब' लावलं होतं, बोटभर बाटलीला साडेसातशे रुपये. हे मेणाचं तेल धुळीत उत्तम चालतं आणि पावसात धुऊन जातं, असं बाटलीवरच लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत की ते वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा दुधाच्या पिशवीत होता. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याने आवाज लांबूनच ऐकला. त्याने काही न विचारता मोटारसायकलचं जळकं ऑइल डब्यातून साखळीवर ओतलं. पंत ओरडलेच. त्या साखळीच्या प्रत्येक कडीला त्यांनी जुन्या टूथब्रशने घासलं होतं. गॅरेजवाल्याने पेडल उलटं फिरवून दाखवलं. आवाज बंद. पैसे विचारले तर म्हणाला, "जळकंच होतं हो." पुढचे दोन दिवस साखळी मुकाट चालली. ग्रुपवर टाकलेल्या वृत्तांतात हा भाग असा आहे : 'वेसवी येथे किरकोळ देखभाल केली.'

त्या वृत्तांतात मावशी नाही, छत्री नाही. मुक्कामाच्या घरी काकूंनी ओले बूट चुलीमागे वाळत ठेवले, अंगावर सुका पंचा दिला आणि गरम कुळथाचं पिठलं वाढलं, तेही नाही. तिथे आहे एकूण अंतर, एकूण चढाई, सरासरी वेग, आणि शेवटी जाड ठशात : स्वबळावर.

परतीला निजामपूरच्या पुढे पावसाने खात्याच्या सगळ्या श्रेणी एका तासात ओलांडल्या. विळ्याजवळ पंत एका झाडाखाली उभे राहिले, तेव्हा श्रीवर्धनकडून सुकी मासळी घेऊन निघालेला टेंपो आपण होऊन थांबला. मासेमारी बंद असते त्या दिवसांत सुकटीलाच भाव. चालकाने ताडपत्री उचलली, "चढा दादा, वर पाठवतो हिला." बोंबलांच्या पोत्यांवर सायकल, सायकलीशेजारी पंत, आणि घाट चढायला सुरुवात झाली. पंतांना वाजवी तेवढी लाज वाटली. पण सायकलीला बसवलेलं यंत्र बंद करायचं राहून गेलं, त्याला लाज वगैरे काही नसते. त्याने ताम्हिणीचा सगळा चढ ताशी अडतीस किलोमीटरने नोंदवला आणि रेंज येताच स्ट्राव्हावर पाठवून दिला.

पंत पौडला उतरून उरलेलं अंतर इमानेइतबारे सायकलने कापत घरी पोचले, तोवर निकाल लागला होता. त्या चढावरचा सर्वात वेगवान सायकलस्वार म्हणून नावापुढे मुकुट चमकत होता. ग्रुपवर ब्याऐंशी अभिनंदनं होती. एका तरुण इंजिनियरने, जो दर रविवारी याच चढावर जीव टाकतो, फक्त एवढंच विचारलं होतं, 'सर, ट्रेनिंग प्लॅन शेअर कराल?'

पंत बराच वेळ अंगठा हवेत धरून बसले. नोंद पुसायची तर मुकुट जातो आणि कारण सांगावं लागतं. ठेवायची तर इंजिनियरला उत्तर द्यावं लागतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'विशेष काही नाही. वारा पाठीवर होता.'

वहिनी तेव्हा दिवाणखान्याच्या सगळ्या खिडक्या उघडत होत्या. हुकावरच्या सायकलीकडे जाऊन त्यांनी एकदा वास घेतला आणि विचारलं, "वारा बोंबलाचा होता का सुकटीचा?"