वाटीतलं मीठ

आमच्या ऑफिसात पायथनचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात. म्हणजे यायचे. त्या मंगळवारपर्यंत.

काम मामुली होतं. ऑर्डरींचा ढीग आठ प्रोसेसमध्ये वाटायचा आणि आठांनी मिळून एकच डिक्शनरी भरायची. प्रत्येक शहराच्या नावापुढे एक यादी. मी पायथनच्या मॅनेजर प्रोसेसकडून सामायिक डिक्शनरी घेतली, आत साध्या रिकाम्या याद्या ठेवल्या आणि ज्युनिअर मंडळींना 'हे असं लिहायचं असतं' म्हणून दाखवलंही. प्रोग्राम सुसाट धावला. एरर नाही, वॉर्निंग नाही. उघडून बघतो तर सगळ्या याद्या कोऱ्या!

मी आधी सर्व्हरला बोल लावला, मग डेटाला, मग त्या दिवशी रजेवर असलेल्या माणसाला. शेवटी नवी ट्रेनी मुलगी चाचरत म्हणाली, "सर, तुम्ही ज्या यादीत अपेंड करताय ती कॉपी आहे. पिकल होऊन आलेली."

पिकल! एका प्रोसेसची मेमरी दुसरीला दिसत नाही, म्हणून वस्तू बाइट्समध्ये मुरवून पाठवायची, त्याला पायथनवाले पिकल म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याने आमच्या आईची बरणी पाहिलेली असावी.

आमच्याकडे कैरीच्या लोणच्याची बरणी म्हणजे देवघरानंतरचं सोवळं. तोंडाला दादरा बांधलेला, फोडींवर चार बोटं तेल, आणि हात घालण्याचा हक्क एकट्या आईचा. वडिलांनाही नाही. "ओला हात लागला की वर्ष गेलं," हा तिचा कायदा. आपण मागायचं, तिने वाटीत काढून द्यायचं. हुबेहूब मॅनेजर प्रोसेस! वाटीत तुम्ही काय वाटेल ते कालवा, बरणीला पत्ता नसतो.

उपाय सोपा आहे. यादी काढा, बदला आणि त्याच नावाने परत डिक्शनरीत ठेवा. किंवा आतली यादीही मॅनेजरकडूनच घ्या. 2016 साली आलेल्या पायथन 3.6 पासून ती सोय आहे. मात्र काढून परत ठेवताना लॉक लावा, नाहीतर दोघं एकदम काढतील आणि मागून ठेवणारा पहिल्याचं पुसून टाकेल.

हे मी आता ऐटीत सांगतोय. पण गेली तीन वर्षं आईच्या लोणच्यात मीठ कमी पडत होतं. डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलंय, त्यामुळे ती चाखून बघत नाही, सगळं अंदाजाने. मी काय केलं? गुपचूप माझ्या वाटीत चिमूटभर टाकलं, "झकास झालंय" म्हणालो, आणि स्वतःला समजूतदार मुलगा समजत राहिलो. यंदा बरणीला बुरशी आली.

ती ओरडली नाही. बरणी घासता घासता एवढंच म्हणाली, "तुला कळत होतं ना रे? मग मला सांगायचंस."

या वर्षी मीठ मी मोजलं. बरणीत तिने घातलं.